पट्टी झकास, पोट आपलं द्या: जुन्या क्रिकेट कागदांसाठी सोलापुरातलं फ्रेमिंग

देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि सेवानिवृत्तीची मानपत्रं यांवर चालणारं फ्रेमचं दुकान क्रिकेटपटूंच्या सत्तर वर्षं जुन्या सह्यांना चालेल का, एवढाच इथला प्रश्न. दुकान नवी पेठेच्या गर्दीतलं. नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली लिहिलेल्या खोडी त्या एकट्याच्या नाहीत. बहुतेक फ्रेमवाल्यांची रीत तीच असते आणि फोटोंसाठी ती चालूनही जाते. फोटो खराब झाला तर दुसरी प्रत निघते. सहीची निघत नाही.

तपासायला चार कामं दिली: शाईपेनच्या सह्या असलेलं अल्बमचं सुटं पान, प्रेक्षकाने पेन्सिलने भरलेलं कसोटीचं छापील स्कोअरकार्ड, संघाचा कृष्णधवल फोटो आणि सही केलेल्या बॅटची पेटी. निकाल आधीच सांगून टाकतो. पट्टीच्या, म्हणजे बाहेरच्या चौकटीच्या कामाला पाचपैकी पाच. काचेला तीन. आतल्या कामाला, म्हणजे कागद ज्याच्या अंगाला अंग लावून पुढची तीस वर्षं काढणार त्या पोटाला, एक. तेच पोट आपण सामान देऊन करून घेतलं की चार. साध्या फोटोफ्रेमच्या अडीच-तीनपट खर्च येतो आणि त्यातला बराचसा बाहेरून मागवलेल्या सामानाचा असतो.

पट्टीचं कौतुक मनापासून. पंचेचाळीस अंशांचा काप इतका स्वच्छ की कोपऱ्यावरून नख फिरवलं तरी अडकत नाही. अडचण खोबणीच्या, म्हणजे काच आणि कागद ज्यात बसतात त्या मागच्या खाचेच्या, खोलीची. फोटोफ्रेमच्या पट्टीत आठ-दहा मिलिमीटरची खोबण असते. जुन्या कागदाच्या फ्रेममध्ये २ मिलिमीटर काच, १.४ चे दोन माउंट (कागदाच्या मागचा बोर्ड आणि पुढचा खिडकी कापलेला बोर्ड), मागे ४ मिलिमीटरचं शीट असा थर धरला तर नऊच्या जवळ जातो, वर खिळ्यांना जागा हवी. खिडकीचा माउंट दुहेरी घेतला तर दहाच्या पुढेच. जागा अपुरी पडली की कारागीर मागून दाबून बसवतो आणि कागद काचेला टेकतो. म्हणून १५ मिलिमीटरच्या खोबणीचीच पट्टी मागावी. लाकूड सागवानी असो की आणखी कुठलं, त्यातून आम्ल सुटतंच. खोबणीच्या आतल्या अंगाला ॲल्युमिनियम फॉइलची टेप फिरवून घ्यावी. पाच मिनिटांचं काम, दुकानाने कुरकुर न करता केलं. सिंथेटिक पट्टी घेतली तर तेवढं करावं लागत नाही, पण ती दिसते सिंथेटिक.

आता माउंट. खिडकीचा काप तिरका असतो, त्यामुळे बोर्डाचा गाभा पांढऱ्या रेघेसारखा दिसतो. या दुकानाने आधी करून दिलेल्या एका फ्रेमचा तो काप भिंगाखाली पाहिला. रेघ पांढरी राहिलेलीच नव्हती, चहाच्या डागासारखी तपकिरी झाली होती, आणि आतल्या कागदावर खिडकीच्या कडेने तशीच फिकट तपकिरी चौकट उमटली होती. लाकडाच्या लगद्याचा बोर्ड आम्लधर्मी होत जातो आणि स्वतः जळताना शेजारच्या कागदालाही जाळतो. पृष्ठभागावरचा रंगीत कागद कितीही छान असला तरी गाभा कशाचा ते पाहायचं. दुकानातल्या तुकड्यावर आम्ल ओळखणाऱ्या पीएच पेनने रेघ ओढावी: जांभळी राहिली तर ठीक, पिवळी पडली तर तो बोर्ड देवाच्या फोटोला ठेवा. (पेन बोर्डाच्या तुकड्यावरच चालवायचं, मूळ कागदावर नाही. हे सांगावं लागतं.) या दुकानातले सगळे नमुने पिवळे पडले. पूर्ण कापसाच्या लगद्याचा, म्युझियम दर्जाचा बोर्ड मागवून दिला, तेव्हा काप मात्र त्यांनी सुरेख काढला. अल्बमच्या पानाला कडा न झाकता चोहोबाजूंनी पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा सोडायला सांगितली होती, ती तंतोतंत सुटली.

सगळ्यात जास्त वाद कागद चिकटवण्यावरून होतो. दुकानाची रीत अशी: चार कोपऱ्यांना फेव्हिकॉलचा ठिपका किंवा दुहेरी टेप. का, तर कारागिराचं उत्तर ठरलेलं: "मालक, चारी कोपरे धरले नाहीत तर पावसाळ्यात कागदाला लाट येते." निरीक्षण खरं, कारण उलटं. लाट येते ती कोपरे धरल्यामुळेच. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर आणि हवा ठणठणीत कोरडी, तेव्हा कागद आकसतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट झाली की तोच कागद फुगतो. चारी बाजूंनी बांधलेल्या कागदाला फुगायला जागा फक्त पुढे, काचेकडे. दरवर्षीच्या या ओढाताणीत जुना कागद कोपऱ्यापाशी फाटतो.

बरोबर रीत म्हणजे फक्त वरच्या कडेला दोन बिजागऱ्या, म्हणजे मूळ कागद मागच्या बोर्डाला धरणारे पातळ कागदाचे तुकडे, खाली कागद मोकळा लोंबता. बिजागरीला जपानी कोझो कागद, साधारण एक बाय दोन सेंटिमीटर. तो कात्रीने न कापता पाण्याची रेघ ओढून फाडायचा, म्हणजे कडेला तंतू राहतात आणि समोरून कडेचा वळ दिसत नाही. चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची खळ. सोलापूरला खळ शिजवायला शिकवणं म्हणजे पंढरपूरला टाळ विकणं, पण दोन फरक आहेत. कणीक नको, ग्लुटेन काढलेला स्टार्चच हवा. आणि बाइंडर घालतात तसं मोरचूद घालू नये, तांब्याने कागद खराब होतो. एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत. गार झाल्यावर चाळणीतून घासून घ्यावी. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते, वास आला की टाकून द्यावी. बिजागरीवर खळ अगदी पातळ, नाहीतर ओल मूळ कागदात उतरून शाई पसरते. वर टिपकागद आणि अर्धा तास वजन. ही खळ वीस वर्षांनीही ओलाव्याने सुटते. फेव्हिकॉल वाळला की साध्या पाण्याने निघत नाही. स्कोअरकार्डासारख्या जाड कागदाला एवढंही करू नये. चार कोपऱ्यांना पॉलिस्टरचे त्रिकोणी खिसे बसवावेत, म्हणजे मूळ वस्तूला काहीच चिकटत नाही. खिसे किंचित सैल हवेत. कारागिराने पहिल्यांदा घट्ट बसवले, सांगितल्यावर बदलून दिले.

पाठीमागे हार्डबोर्ड लावायचा हा इथला पायंडा. तो काढायला लावावा, त्यातूनही आम्ल येतं. "मग सनबोर्ड लावतो, पाणी लागत नाही," असं हमखास सुचवलं जातं, आणि इथेच भलेभले फसतात. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसीचा फोम. पीव्हीसी कालांतराने आम्लाची वाफ सोडतं, तेव्हा पाणी लागत नाही हा गुण इथे कामाचा नाही. हवं ते कोरुगेटेड पॉलिप्रोपिलीन शीट, बाजारात सनपॅक म्हणून मिळतं. निवडणुकीच्या पाट्या ज्याच्या करतात तेच. दोन्ही पांढरे, दोन्ही हलके. कडेला पाहिलं की सनपॅकमध्ये पोकळ नळ्या दिसतात, सनबोर्ड भरीव असतो.

प्लास्टिकच्या पाकिटांचा संशय आला तर तांब्याच्या तारेची परीक्षा करावी. तारेचं टोक गॅसच्या ज्योतीत लालबुंद करायचं, ज्योतीला रंग येईनासा झाला की ते गरम टोक प्लास्टिकच्या कडेला टेकवून परत ज्योतीत धरायचं. ज्योत हिरवी झाली तर आत क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. मोकळ्या हवेत आणि नखाएवढ्या तुकड्यावर करा, धूर वाईट असतो. दुकानाने स्कोअरकार्डासोबत "फुकट" दिलेलं जाडसर, मऊ, रेनकोटच्या वासाचं पाकीट या परीक्षेत हिरवंगार निघालं. असल्या पाकिटातलं मऊपण आणणारं तेल हळूहळू बाहेर येतं आणि छपाईची शाई पाकिटालाच चिकटून उचलली जाते. पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिस्टरचं पाकीट कडक असतं, चुरचुर वाजतं, वास नसतो.

काच साधी मिळाली, अतिनील किरण अडवणारी दुकानात नव्हती. साधी काच लांब लहरींची अतिनील किरणं बऱ्यापैकी आत सोडते. तशी फिल्टर ॲक्रिलिक शीट मागवता येते, ३ मिलिमीटरची घ्यावी, कोरड्या फडक्याने पुसू नये, ओरखडे पडतात. पण फिल्टर म्हणजे कवच नव्हे. शाई दिसणाऱ्या उजेडानेही उडते, आणि शाईपेनची धुऊन जाणारी निळी शाई सगळ्यांत आधी. अशा कागदासाठी ५० लक्सची (लक्स म्हणजे उजेडाचं माप) मर्यादा पाळतात. भर दुपारच्या उन्हात तो आकडा एक लाखाच्या घरात जातो. विस्डेन या क्रिकेट वार्षिकाची पिवळी वेष्टणं (१९३८ पासून ती पिवळी आहेत) खिडकीजवळच्या कपाटात नुसत्या पाठीकडून कशी विटतात ते आठवावं. म्हणून स्पष्ट मत: शाईच्या सहीचं मूळ पान भिंतीवर लावूच नये. सपाट स्कॅनरवर ६०० डीपीआयला एकदा, झाकण न दाबता, दोन्ही बाजू स्कॅन करा, चांगल्या कागदावर प्रिंट काढा आणि या दुकानाची सुंदर पट्टी त्या प्रिंटला लावा. मूळ पान पॉलिस्टरच्या पाकिटात, आम्लरहित पेटीत, आडवं. भिंतीला फरक कळत नाही. पेन्सिलने भरलेलं स्कोअरकार्ड त्या मानाने सोसतं, ग्रॅफाइट उडत नाही. ते फ्रेम करायला हरकत नाही.

गल्ल्यावर न मागता पुढे येणाऱ्या सूचना काम देण्याआधीच नाकाराव्यात. कडा वेड्यावाकड्या आहेत, "सरळ करून देतो": अल्बममधून फाडलेल्या पानाची ती कडाच त्याची ओळख असते, ती गेली की किंमत पडते. "पुसून स्वच्छ करून देतो": ओलं फडकं लागलं की शाई गेली. "लॅमिनेशन करू का": गरम रोलरखाली गेलेला कागद परत कागद होत नाही. आणि जुनी फ्रेम उघडली की मागचं पुठ्ठं, लेबल, वर्तमानपत्राचा कपटा ते फेकून देतात. त्यावर एखाद्या जुन्या दुकानाचा शिक्का किंवा हातची तारीख असू शकते. वस्तू कुठून आली याचा पुरावा म्हणजे तोच कचरा. यावर उपाय सोपा आहे. मागच्या बाजूला टाचणी न लावता, वेगळ्या पाकिटावर ठळक लिहून द्यावं: "कापू नये. पुसू नये. लॅमिनेशन नको. टेप, फेव्हिकॉल, गम नको. हार्डबोर्ड, सनबोर्ड नको, दिलेलं शीटच लावावं. जुन्या फ्रेममधून निघेल ते सगळं परत द्यावं." तोंडी सांगितलेलं गल्ल्यापासून मागच्या खोलीतल्या कारागिरापर्यंत पोचेलच असं नाही. चिठ्ठी दिलेली तिन्ही कागदी कामं सांगितल्याप्रमाणे झाली.

एवढा खर्च करण्याआधी सही खरी की छापील ते पाहणं आलंच. दुकानाचा यात संबंध नाही, पण खोट्या कागदाला म्युझियमचा बोर्ड लावलेला पाहवत नाही. सोलापूरच्या संग्राहकाला पहिली ओढ पॉली उम्रीगरांच्या सहीची असणार. ते इथलेच, जन्म २८ मार्च १९२६, सोलापूर. भारताकडून कसोटीतलं पहिलं द्विशतक त्यांचं, १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३. एकूण ५९ कसोट्या. संघाचं नाव छापलेली सह्यांची पानं बाजारात फिरतात, त्यांतल्या कित्येकांवरच्या सह्या मुळातच छापलेल्या असतात. दहापट भिंगाखाली छापील सहीचे ठिपके दिसतात किंवा रेघ सगळीकडे एकाच गडदपणाची सपाट दिसते. शाईपेनची रेघ जिथे टाक थांबला तिथे गडद होते, वळणावर जाड-बारीक होते, तंतूंत किंचित पसरते. दोन सह्या एकमेकींवरून जात असतील तर वरची कुठली ते कधी कधी कळतं. बॉलपेनने कागदावर खळगा पडतो. पान मागून तिरप्या उजेडात धरा. बॉलपेन बाजारात आलं ते १९४० च्या दशकाच्या मध्याला, तेव्हा १९३२ किंवा १९३६ च्या दौऱ्याच्या पानावर बॉलपेनची सही असेल तर ती नंतर घेतलेली आहे किंवा खोटी आहे. विक्रेत्याने "दौऱ्यातच घेतलेली" म्हटलं तर पुढे बोलायचं कारण नाही. ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च अंधाऱ्या खोलीत मारून पाहावा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात चकाकी आणणारी द्रव्यं आहेत, जी कागदात सर्रास आली १९५० नंतर. १९४६ च्या दौऱ्याचं पान असं चमकू नये.

आणि इतिहासाशी ताळा. विजय हजारेंच्या नेतृत्वाखालचा भारताचा १९५२ चा इंग्लंड दौरा घ्या. विनू मांकड सुरुवातीला संघात नव्हते, लँकेशायरमध्ये हॅसलिंग्डनकडून खेळत होते. दुसऱ्या, लॉर्ड्सच्या कसोटीपासून आले. ती सुरू झाली १९ जूनला. मे महिन्याची तारीख घातलेल्या पानावर इतरांच्या ओळीत मांकड दिसले तर थांबा.

हाताने लिहिलेल्या स्कोअरबुकाला फ्रेम नकोच, तरी काही जण मधलं पान फाडून फ्रेमला आणतात. कृपा करून नको. वहीचा खरेपणा बेरजेत असतो: फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर म्हणजे एकूण, गोलंदाजांनी दिलेल्या धावांचा ताळा वेगळा, गडी बाद होतानाच्या धावसंख्या चढत्या. खोटी वही करणारा एक पान जमवतो, ताळा चुकतो. १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या, महाराष्ट्र ४ बाद ८२६ वर होता आणि प्रतिस्पर्धी कर्णधाराने सामनाच सोडून दिला. ब्रॅडमनच्या तेव्हाच्या विक्रमी ४५२ ला नऊ धावा कमी. अशा सामन्याची म्हणून कुणी वही पुढे केली तर निदान हे आकडे तिच्यात जुळले पाहिजेत. वही खरी निघाली तर आणखी एक गोष्ट: १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक मोल असलेलं हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांचं झालं की पुरावशेषात मोडतं आणि खासगी माणसाला ते परदेशी विकून पाठवता येत नाही. "लंडनच्या लिलावात टाकू" म्हणणाऱ्या दलालाला हे कलम दाखवा.

संघाच्या फोटोचं काम बरं झालं, पण थोडक्यात वाचलं. माउंटशिवाय, काचेला टेकवून बसवायला घेतला होता. जुन्या फोटोचा जिलेटिनचा थर दमट हवेत काचेला चिकटतो आणि मग काच काढली तर चेहरे काचेवर राहतात. फोटोला आठ-प्लायचा, म्हणजे तीनेक मिलिमीटर जाडीचा माउंट लावून घ्यावा.

बॅटची पेटी मात्र नापास. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीची) पेटी, आत लाल मखमल, मखमलीखाली स्पंज, वर एलईडीची पट्टी. एमडीएफच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड सुटतं, स्पंजचा काही वर्षांत चिकट भुगा होतो, आणि बंद पेटीतली पट्टी बॅट शेकते. आधार म्हणून लावलेल्या काळ्या रबराने बॅटच्या विलो लाकडावर डाग पडतात. स्पंज आणि रबर काढून मांजरपाटाच्या गाद्या करून घेतल्या. मांजरपाट इथे हवा तेवढा मिळतो, पण नवा वापरू नये: त्यात खळ असते आणि खळ म्हणजे कसरीला जेवणाचं आमंत्रण. गरम पाण्यात दोनदा धुऊन, नीळ न घालता, कडक वाळवून मग. सही असलेल्या बाजूला जवसाचं तेल किंवा वॉर्निश लावायचा मोह आवरावा, सही पसरते. "डांबरगोळ्या टाका आत" हा सल्ला मिळाला. नको, त्यांची वाफ प्लास्टिक आणि वॉर्निश मऊ करते. त्याऐवजी जूनच्या पहिल्या पावसानंतर नारिंगी सिलिका जेलची शंभर ग्रॅमची पुडी ठेवा, हिरवी पडली की ११०-१२० अंशांवर दोन तास भाजून परत वापरा. मार्च ते मे पुडी बाहेर. त्या तीन महिन्यांत सोलापूरची हवा आधीच इतकी कोरडी असते की जेल ठेवलं तर विलोला भेगा पडायच्या.

घरी आणल्यावर फ्रेम पश्चिमेच्या भिंतीवर नको, ती मे महिन्यात रात्री नऊलाही तव्यासारखी असते. मागे दोन बाजूंना दोन कड्या, एका खिळ्यावर दोरीने नको, आणि खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. मागे ब्राऊन पेपरची धूळपट्टी दुकानाने नीट लावून दिली आहे. दसऱ्याच्या साफसफाईत ती एका बाजूने चिरून आत पाहावं: काचेच्या आतल्या बाजूला धुकं, माउंटच्या कडेला ठिपके, बिजागरीपाशी ताण. काही नसेल तर नवी पट्टी लावून परत टांगा. ती पट्टी दुकान फुकट लावून देतं, तेवढं मागून घ्या.